बंडूची साखर : एका मधुमेही बोक्याचे प्रकरण

रुग्ण म्हणजे आमच्या घरचा बोका बंडू : गावठी, तांबूस पट्ट्यांचा, नसबंदी झालेला, निदानाच्या वेळी नऊ वर्षांचा. २०२४ च्या मे महिन्यात त्याला मधुमेह असल्याचे निश्चित झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याचे इन्सुलिन थांबवता आले. मधल्या पाच महिन्यांत घरी ठेवलेल्या वहीवरून हे प्रकरण लिहीत आहे. मी पशुवैद्य नाही; येथे आलेले डोस त्या त्या वेळी बंडूला तपासणाऱ्या डॉक्टरांनी केवळ त्याच्यापुरते ठरवलेले आहेत, ते दुसऱ्या मांजराला लागू होतील असे समजू नये. वही पुन्हा वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. त्यातले आकडे जवळजवळ सगळे खरे होते. तो आकडा कोणत्या परिस्थितीत आला हे न पाहता त्याचा अर्थ लावण्याची घाई मात्र आम्ही वारंवार केली, आणि एकदा ती बंडूच्या जिवावर बेतली.

घर आणि पूर्वेतिहास

आम्ही पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, पत्नी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि ती सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

बंडू जन्मापासून घरातच वाढलेला. कोरड्या दाण्यांची वाटी दिवसभर भरलेली असे आणि संध्याकाळी आईच्या हातची दूध-पोळी ठरलेली होती. २०२२ साली त्याचे वजन ७.१ किलो भरले तेव्हा आम्ही त्याचे कौतुक केले. वजनदार, घरात बसून असणारे, नसबंदी झालेले मध्यमवयीन बोके हा या आजाराचा अगदी ठरलेला गट आहे, हे आम्हाला नंतर कळले. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांतील टाइप २ प्रकारासारखा असतो : चरबी वाढल्याने शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर ताण येतो, तेथे अमायलॉइड नावाचे प्रथिन साठत जाते, आणि रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की ती साखरच उरलेल्या पेशींना निकामी करू लागते. या शेवटच्या टप्प्यातील नुकसान काही अंशी भरून येऊ शकते. साखर लवकर ताब्यात आली तर काही मांजरांचे इन्सुलिन सुटते, त्याचे कारण हेच.

आणखी एक गोष्ट पूर्वेतिहासात नोंदवायला हवी. २०२३ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा २०२४ च्या फेब्रुवारीत बंडूच्या मानेला खाज सुटून केस गेले होते. त्या वेळी एका दवाखान्यात त्याला दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टिरॉइडची दोन इंजेक्शने देण्यात आली. खाज दोन्ही वेळा थांबली. स्टिरॉइडने शरीर इन्सुलिनला आणखी कमी दाद देते आणि काठावर असलेले लठ्ठ मांजर त्यामुळे मधुमेहात ढकलले जाऊ शकते. दोन्ही वेळा त्याचे वजन कोणी केले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

लक्षणे, जी आम्हाला चांगली वाटली

एप्रिलमध्ये बंडू जास्त पाणी पिऊ लागला. पुण्याचा एप्रिल तापलेला होता, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. तो माठाखालच्या ताटलीतले पाणी चाटे, न्हाणीघरातल्या बादलीवर पुढचे पाय टेकवून पिई. खाणेही वाढले होते, आणि भूक लागणारे जनावर आजारी नसते अशी आमच्या घरची ठाम समजूत. त्याच वेळी तो बारीक होत होता. पण जो आधी वाजवीपेक्षा जाड होता तो बारीक होतो आहे याचा आम्हाला आनंदच झाला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर उडी मारणे त्याने सोडले, तेव्हा वय झाले असे म्हणून आम्ही विषय संपवला. खरे तर तो मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून, सशासारखा बसका चालत होता. वाढलेल्या साखरेने मज्जातंतूंना इजा झाली की मांजरे अशी चालतात. हे लक्षण प्रत्येक मधुमेही मांजरात दिसत नाही, पण दिसले तर त्याला वयाच्या खात्यावर टाकू नये.

ओळखले ते आईने. बंडूच्या मातीच्या ट्रेमधले ओले गोळे दुपटीने मोठे झाले होते आणि एकदा तो ट्रेपर्यंत न पोहोचता न्हाणीघराच्या उंबऱ्याशीच लघवी करून गेला. दुपारी तेथे मुंग्यांची रांग लागली. आई म्हणाली, "अरे, मुंग्या का लागल्या बघ. याला साखर आहे." मधुमेह या शब्दातला मधु कुठून आला हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

निदान

११ मे रोजी दवाखान्यात बंडूच्या रक्तातील साखर ४१२ आली. (येथे आणि पुढे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत.) वजन ५.९ किलो. मी तो आकडा पाहून तेथेच इन्सुलिन सुरू करायला सांगू लागलो, कारण आईच्या बाबतीत एवढा आकडा आला असता तर कोणी थांबले नसते. डॉक्टरांनी मात्र नुसत्या या आकड्यावर निदान करण्यास नकार दिला. मांजर घाबरले, पिंजऱ्यातून रिक्षाने आले, शेजारी कुत्रा भुंकला, चार हातांनी दाबून धरले, की निरोगी मांजराची साखरही काही वेळात ३०० च्या वर जाऊ शकते. त्यामुळे एकटा आकडा निदानाला पुरत नाही.

म्हणून त्यांनी दोन गोष्टी तपासल्या. पहिली लघवी. मांजराचे मूत्रपिंड साधारण २५० ते २९० पर्यंतची साखर परत रक्तात ओढून घेते, त्यावर गेली की ती लघवीत उतरते. बंडूच्या लघवीत ती भरपूर होती. दुसरी फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी, जी मांजरांत मागच्या एक-दोन आठवड्यांतील साखरेची सरासरी कल्पना देते आणि रिक्षातल्या भीतीने बदलत नाही. तीही बरीच वाढलेली आली. लघवीत कीटोन नव्हते, ही त्या दिवसाची सर्वात चांगली बातमी होती. शरीर साखर वापरू शकत नाही म्हणून चरबी जाळू लागते, तेव्हा कीटोन साचतात. मग मांजर खाणे सोडते, उलट्या करते, निपचित पडते, आणि अशा वेळी घरी काहीही करत न बसता त्याला दाखल करावे लागते. थायरॉइड आणि मूत्रपिंड ठीक होते. डाव्या बाजूची एक दाढ किडलेली होती. तिचे पुढे पाहू असे ठरले.

आईने आपली मधुमेहाची गोळी अर्धी करून देण्याचा प्रस्ताव मांडला, तर शेजारच्या काकूंनी कारल्याचा रस सुचवला. आई रोज घेते ती मेटफॉर्मिन मांजरांत विश्वासाने वापरावी इतकी उपयोगी ठरलेली नाही, शिवाय उलट्या करवते; कारल्याच्या रसाबद्दल डॉक्टर केवळ हसले. मांजरांसाठी तोंडाने देण्याची दोन नवी औषधे अमेरिकेत मंजूर झालेली आहेत, बेक्साग्लिफ्लोझिन डिसेंबर २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिन ऑगस्ट २०२३ मध्ये. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. मात्र ती घेणाऱ्या मांजरात रक्तातील साखर साधारण दिसत असतानाही कीटोन साचण्याचा धोका असतो, म्हणून निवड काटेकोर करावी लागते. डॉक्टरांनी बंडूसाठी इन्सुलिन हाच मार्ग ठरवला.

इन्सुलिन आणि वाटी

१४ मेपासून ग्लार्जिन इन्सुलिन, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, प्रत्येक वेळी १ युनिट. माणसांत हे इन्सुलिन बहुधा दिवसातून एकदा पुरते. मांजरांत त्याचा परिणाम लवकर ओसरतो म्हणून दोनदा द्यावे लागते. ते हलवायचे नसते, कशात मिसळायचे नसते आणि पातळही करायचे नसते, कारण कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण होऊन ते हळूहळू विरघळण्यावरच त्याचे सगळे काम अवलंबून असते. फ्रिजमध्ये ते दारात ठेवायचे नाही आणि बर्फाच्या कप्प्याजवळही नाही.

टोचणे हा भाग सर्वात अवघड जाईल असे वाटले होते, तो सर्वात सोपा निघाला. बंडूच्या तोंडासमोर वाटी ठेवायची, कुशीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई आडवी धरून टोचायची. सुई इतकी बारीक असते की त्याने मान वर केली नाही. मात्र एकदा सुई कातडीच्या घडीतून आरपार गेली आणि औषध केसांवर सांडले. केस ओले लागले, इन्सुलिनचा तो ओळखीचा औषधी वास आला. किती आत गेले, किती बाहेर, हे सांगता येत नव्हते. अशा वेळी पुन्हा टोचायचे नाही, हा नियम आम्हाला पहिल्याच दिवशी पाठ करून घेतला होता. बारा तास साखर चढलेली राहिली तर फारसे बिघडत नाही, पण दुप्पट डोस गेला तर काही तासांत जीव धोक्यात येऊ शकतो. दुसरा नियम असा की आधी जेवला का ते पाहायचे. जेवला नाही तर डोस देण्यापूर्वी फोन करायचा.

खाण्याच्या बाबतीत मला अधिक लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मते बंडूचे इन्सुलिन सुटले त्याचे मोठे श्रेय वाटीला आहे. मांजर हे पक्के मांसाहारी जनावर आहे. पिष्टमय पदार्थ त्याला लागत नाहीत आणि जास्त मिळाले तर त्याच्या शरीराची ते हाताळण्याची क्षमता तोकडी पडते. मधुमेही मांजराला एकूण ऊर्जेच्या साधारण १२ टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा पिष्टातून मिळावी अशी शिफारस असते. पाकिटावर पिष्टाचा आकडा छापलेला नसतो, तो काढावा लागतो. आमच्या जुन्या कोरड्या दाण्यांवर प्रथिने ३०, मेद १०, ओलावा १०, तंतू ४ आणि राख (म्हणजे खनिजे) ८ टक्के असे लिहिलेले होते. यांची बेरीज १०० मधून वजा केली की ३८ टक्के पिष्ट उरते. प्रथिने आणि पिष्ट यांची ऊर्जा प्रत्येक ग्रॅमला साडेतीन कॅलरी आणि मेदाची साडेआठ धरली, तर त्या दाण्यांतील जवळजवळ ४१ टक्के ऊर्जा पिष्टातून येत होती. आम्ही नंतर निवडलेल्या ओल्या पाउचवर प्रथिने १०, मेद ४, ओलावा ८२, राख २ आणि तंतू अर्धा टक्का होते. म्हणजे पिष्ट दीड टक्का, आणि ऊर्जेत त्याचा वाटा फक्त ७ टक्के. हा हिशोब येतो त्याला दुकानातली अर्धी जाहिरात वाचावी लागत नाही. दाट रस्सा असलेले पाउच आम्ही टाळले, कारण रस्सा घट्ट करायला बहुधा पिठूळ पदार्थच वापरलेला असतो.

बदल दहा दिवसांत, थोडा थोडा केला. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून वेगळाच जीवघेणा आजार होऊ शकतो, त्यामुळे भूक लागेल तेव्हा खाईल हा माणसांच्या हट्टी मुलांवरचा उपाय येथे चालत नाही. शिवाय पिष्ट कमी झाले की साखर आपोआप उतरते, आणि डोस तोच राहिला तर ती गरजेपेक्षा खाली जाते. म्हणून त्या दहा दिवसांत मोजणीही वाढवली. नुसती उकडलेली कोंबडी किंवा बांगडा देण्याचा विचार आम्ही केला होता. त्यात कॅल्शियम आणि इतर काही घटक कमी पडतात, त्यामुळे ते टोचल्यानंतरच्या बक्षिसापुरते ठेवले. दूध-पोळी बंद झाली. याचे दुःख बंडूपेक्षा आईला अधिक झाले, आणि पहिल्या पंधरवड्यात पदराआडून पोळीचे दोन तुकडे गेल्याचे त्या त्या संध्याकाळचे आकडे सांगत होते. मी वही दाखवल्यावर तिने ते मान्य केले.

घरची मोजणी

दवाखान्यातला आकडा भीतीने फुगतो म्हणून मोजणी घरी आणली. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. मोज्यात तांदूळ भरून तो गरम करायचा, कानाला थोडा वेळ धरायचा, कडेला व्हॅसलिनचा पुसट हात फिरवायचा म्हणजे रक्ताचा थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो, मागे कापसाचा बोळा धरून टोचायचे. पहिल्या आठवड्यात पाचपैकी तीन प्रयत्न वाया गेले. जूनपासून बंडू मोजा दिसला की कोंबडीच्या तुकड्यासाठी स्वतःच येऊन बसू लागला.

यंत्र आईचेच वापरले, आणि येथे दुसरा सापळा होता. माणसाच्या रक्तातली साखर रक्तद्रव आणि तांबड्या पेशी यांच्यात वाटलेली असते, तर मांजराच्या रक्तात ती जवळजवळ सगळी रक्तद्रवात असते. माणसांसाठी जुळवलेले यंत्र त्यामुळे मांजराची साखर साधारणपणे खऱ्यापेक्षा कमी दाखवते. मांजरांसाठी जुळवलेली यंत्रे असतात, पण डॉक्टरांनी तेच यंत्र ठेवायला सांगितले आणि एकाच थेंबाची दवाखान्याच्या तपासणीशी तुलना करून पाहिली : आमच्या यंत्रावर २३१, त्यांच्याकडे २६८. हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. यंत्र चुकते, पण सुरक्षिततेच्या बाजूने चुकते आणि रोज एकाच दिशेने चुकते, एवढे माहीत असले की त्यावर काम करता येते.

९ जून रोजी १.५ युनिटवर पहिला पूर्ण दिवसाचा आलेख घेतला. सकाळी सातला ३४२, मग दर दोन तासांनी ३१८, २६१, २०४, १७८, २२६ आणि संध्याकाळी सातला ३०५. मी ३४२ आणि ३०५ पाहून डोस वाढवावा असे म्हणत होतो. डॉक्टरांची नजर १७८ वर होती, कारण डोस ठरवताना दिवसातील सर्वात खालचा बिंदू पाहतात. तो साधारण ८० ते १५० दरम्यान यावा अशी अपेक्षा असते. तो वर होता म्हणून डोस वाढवला, पण अर्ध्याच युनिटने, आणि पुढचे सात दिवस त्यात हात घालायचा नाही या अटीवर. सकाळच्या चढ्या आकड्याला घाबरून रोज डोस वाढवणारे पालक मांजराला लवकर संकटात टाकतात, असे त्या वेळी त्यांनी सांगितले होते. आम्ही संकटात पडलो ते वेगळ्याच वाटेने.

६ जुलै

आईचे इन्सुलिन भारतात सर्रास मिळणाऱ्या ४० युनिट प्रति मिलिलिटर बाटलीतले आहे. त्याच्या सिरिंजला लाल टोपण असते. बंडूचे ग्लार्जिन १०० युनिट प्रति मिलिलिटर, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. दोन्ही एकाच फ्रिजशेजारच्या एकाच डब्यात होत्या. ६ जुलैच्या सकाळी नारिंगी पाकीट संपलेले होते, बाहेर पाऊस कोसळत होता, मला कामावर निघायची घाई होती. मी लाल टोपणाची सिरिंज घेतली, दोनच्या रेघेपर्यंत औषध ओढले आणि टोचले.

दोनची रेघ दोनच दाखवत होती. परंतु ४० च्या सिरिंजवर दोनची रेघ म्हणजे ०.०५ मिलिलिटर, आणि १०० च्या औषधाचे ०.०५ मिलिलिटर म्हणजे ५ युनिट. बंडूला अडीचपट डोस गेला होता.

पावणेअकराला पत्नीचा फोन आला की बंडू सारखा खायला मागतो आहे आणि चालताना भिंतीला घासतो आहे. तिने मोजले तेव्हा यंत्रावर ४३ आले. ६० च्या खाली गेलेला आकडा धोक्याचा समजायचा, हे फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले होते. तिने आधी वाटी पुढे केली, तो थोडे जेवला, मग मान डुगडुगू लागली तेव्हा बोटाने हिरड्यांना मध चोळला. पंधरा मिनिटांनी ८८ आले. तिला वाटले निभावले. डॉक्टरांनी फोनवर विचारले की शेवटचा डोस किती वाजता आणि कोणत्या सिरिंजने दिला, तेव्हा तिने सुया टाकायची जाड बाटली उघडून पाहिली आणि वर लाल टोपण दिसले. त्यांनी ताबडतोब घेऊन यायला सांगितले. मधाने वर आलेली साखर अर्ध्या तासात उतरते, ग्लार्जिन मात्र तासन् तास काम करत राहते, म्हणून ८८ हा आकडा दिलाशाचा नव्हता. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो ५१ झाला होता. डेक्स्ट्रोजचे सलाइन लावून बंडूला रात्री दहापर्यंत तेथे ठेवले, संध्याकाळचा डोस दिला नाही. झटके आले नाहीत, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी ३६२ आले. वहीत त्या आकड्याखाली मी रेघ मारून "डोस वाढवावा का?" असे लिहिलेले आहे, आणि आज ते वाचताना लाज वाटते. एक डोस चुकवलेला, सलाइनमधून दिवसभर साखर दिलेली, आणि साखर फार खाली गेली की ती वर आणण्यासाठी शरीर स्वतःच सोडते ती संप्रेरके अंगात, या सगळ्यानंतर आकडा चढा येणारच होता. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, उलट निम्मा केला : १ युनिट.

त्या दिवशी संध्याकाळी लाल टोपणाच्या सिरिंजा आईच्या खोलीतल्या कपाटात गेल्या आणि नारिंगी स्वयंपाकघरात राहिल्या. सिरिंज भरल्यावर टोपणाचा रंग मोठ्याने उच्चारायचा आणि दुसऱ्याने ऐकायचा, अशीही रीत घातली. एकटे असलो तरी उच्चारतो. घरात एकाच वेळी माणूस आणि मांजर दोघे इन्सुलिनवर असतील तर ही व्यवस्था पहिल्या दिवशी व्हायला हवी होती, आणि ती न केल्याचा दोष सर्वस्वी माझा आहे.

उतार

जुलैअखेर १ युनिटवरच सर्वात खालचा बिंदू १४० च्या आसपास स्थिरावला. फेब्रुवारीच्या स्टिरॉइडचा परिणाम ओसरला होता, पिष्ट बंद होते, आणि पेशींना उसंत मिळाली होती. यांपैकी कशाचा वाटा किती, हे एका बोक्यावरून वेगळे काढता येणार नाही. ऑगस्टमध्ये भूल देऊन किडलेली दाढ काढली. हिरडीतला जंतुसंसर्गही इन्सुलिनला अडथळा करतो, आणि दाढ निघाल्यावर पंधरवड्यात आकडे आणखी वीस-पंचवीसने उतरले.

७ सप्टेंबरला गणपती बसले. दरवर्षी आम्ही सगळे कोकणात गावी जातो. या वर्षी पत्नी आणि आई गेल्या, मी पुण्यात राहिलो. बारा तासांचे वेळापत्रक असलेला आजार घरातल्या कोणाला तरी घरात बांधून ठेवतो, आणि हा खर्च पाउच व साखर मोजायच्या पट्ट्यांच्या खर्चाइतकाच खरा आहे. पुढच्या वर्षीसाठी शेजारच्या काकूंनी टोचणे शिकून घेतले. कारल्याच्या रसाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी यंत्रावर ७१ आले. बंडू टवटवीत होता, पण डोस अर्ध्या युनिटवर आणला. त्यानंतर महिनाभर आकडे ८० ते १२० च्या दरम्यान राहिले आणि २० ऑक्टोबरपासून इन्सुलिन थांबवले. थांबवल्यावर आठ दिवस रोज दोनदा मोजणी केली.

दिवाळीत पुन्हा परीक्षा झाली. १ नोव्हेंबरच्या रात्री खाली फटाक्यांची माळ लागलेली असताना मी बंडूला पलंगाखालून ओढून काढले आणि कान टोचला. २३६ आले. इन्सुलिन सुटून पुरते दोन आठवडेही झालेले नव्हते. पत्नीने फ्रिज उघडला, आणि या खेपेस थांबवले मी. दुसऱ्या दिवशी दुपारी, तो खिडकीत उन्हात झोपून उठल्यावर, स्वतःहून मांडीवर आला तेव्हा मोजले : १०४.

इन्सुलिनशिवाय किमान चार आठवडे साखर साधारण राहिली म्हणजे आजार माघारी गेला असे म्हणतात. ते चार आठवडे १७ नोव्हेंबरला पूर्ण झाले. बंडूचे वजन ५.७ किलो आहे, ते जूनपेक्षा वेगळ्या प्रकारचे, पाठीवर मांस असलेले आहे. मागच्या पायांची टाच हळूहळू उचलली जात गेली आणि दसऱ्याच्या आसपास तो पुन्हा ओट्यावर चढला. आजार परतू शकतो, म्हणून दर रविवारी कान टोचतो, महिन्याला वजन करतो आणि तहान वाढली की हवामानाकडे पाहण्याआधी ट्रेमधले गोळे पाहतो. कोरडे दाणे घरात येत नाहीत. त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लाल शाईत लिहून दिले आहे की खाज सुटल्यास दीर्घकाळ टिकणारे स्टिरॉइड देऊ नये. जानेवारीत मानेला पुन्हा खाज सुटली तेव्हा ते पान आम्ही दाखवले, आणि पिसवांचे औषध व कानामागे लावायचे मलम यांवर भागले.